नव्या सिस्टरला एकटीला नाईट लावू नका

जीएनएमची (नर्सिंगच्या डिप्लोमाची) तीन वर्षं, नाहीतर बीएस्सी नर्सिंगची चार. एवढं शिकून मुलगी वॉर्डात येते आणि दुसऱ्याच आठवड्यात ड्युटी लिस्टवर तिची नाईट लागते. वॉर्डभर पेशंट, सोबतीला एक मावशी. लहान खासगी हॉस्पिटलांत हे सर्रास चालतं. इतकी वर्षं इन्चार्ज म्हणून काम करून माझं मत पक्कं झालंय: पहिले तीन महिने नव्या मुलीला एकटीला नाईट देऊच नये.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे एका मिलीत 40 युनिट असलेली व्हायल (औषधाची बाटली) मिळते, तशी 100 ची पण मिळते. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. व्हायल 100 ची आणि हातात लाल टोपणाची सिरिंज आली, तर 20 च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात 50 युनिट असतात. अडीचपट! साखर फार उतरते, पहाटे पेशंट घामाने चिंब होतो, बरळतो, नाहीतर गप्प पडून राहतो आणि नातेवाइकांना वाटतं, शांत झोप लागली. हे सगळं त्या मुलीने पुस्तकात वाचलेलं असतं. पण एकीकडे सलाईन संपलंय, दुसरीकडे कुणी हाका मारतंय, अशा वेळी शेजारी उभं राहून "थांब, व्हायल दाखव" म्हणणारं कुणीतरी लागतं.

श्वासाचंही तसंच. कित्येक चार्टवर मिनिटाचे श्वास न मोजताच ओळीने 20, 20, 20 लिहिलेले असतात. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. पूर्ण मिनिटभर छातीकडे बघून तो मोजायची सवय लागते ती सिनियरचं बघूनच.

आणि कृपा करून पेशंटसमोर तिच्यावर ओरडू नका. रात्री डॉक्टरांना फोन केल्यावर "एवढ्यासाठी उठवलं?" असं ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी फोन करायला अर्धा तास उशीर करते. तो अर्धा तास पेशंटचा जातो. डॉक्टर मंडळींनी हे मनावर घ्यावं, अशी हात जोडून विनंती आहे.

"माणसं कुठून आणायची?" असं मॅनेजमेंट विचारतं. साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण कधीपासूनचं आहे. युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की ऑपरेशन झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिना किमान 20,000 रुपये द्यावेत असं सुचवलं होतं. आमच्या भागात कित्येक मुलींच्या हातात आजही तेवढे पडत नाहीत. मग अनुभव झाला की त्या आखाताची वाट धरतात आणि वॉर्ड पुन्हा नवख्या हातांत येतो.

सुरुवातीला तिला चार-पाचच पेशंट द्या, तेही ठरलेल्या एकाच सिनियरच्या हाताखाली. ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) काउंटरवर बसून नको, बेडजवळ उभं राहून द्या: ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) दाखवा, सलाईनची जागा दाखवा, युरिन किती झालं ते सांगा. त्या सिनियरचे पेशंटही तेवढ्यापुरते कमी करा, नाहीतर ती शिकवणार कधी?

सिस्टर्सनो, तुमच्याकडे नव्या मुलीला पहिली एकटी नाईट किती दिवसांनी लागते आणि किती पेशंटवर, ते कमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं नाव नको.