प्रकल्प मंजूर झाला? आता संत्री विसरा!

अभिनंदन, राजेहो! दिल्लीहून मंजुरीचं पत्र आलं, संत्र्याच्या फळगळीवर तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला, विभागात संत्रा बर्फी वाटून झाली. आता एकच करा. झाडाकडे बघू नका, फाईलकडे बघा.

सुरुवात खरेदीपासून. जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, खुर्च्या मिळतात, झाडू मिळतात, तुम्हाला हवा तो एन्झाइम मात्र सापडत नाही. तो तिथे मिळत नाही, याचा अहवाल आधी त्याच पोर्टलवरून काढा आणि फाईलला लावा. मग तीन कोटेशन. उगाच नागपूरच्या सीताबर्डी बाजारभर फिरू नका. पहिला दुकानदार समजूतदार असेल तर उरलेली दोन लेटरहेडं त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतात.

जून २०२५ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयानं वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, हे तुम्ही वाचलं असेल. कोटेशनविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर. शिवाय जेमबाहेरच्या खरेदीला कुलगुरू किंवा संचालक परवानगी देऊ शकतात. वाचलंत ना? मग ते कात्रण घरीच ठेवा. लेखा विभागात दाखवलंत तर समोरचे भाऊ चष्म्यावरून बघतील आणि अगदी प्रेमानं विचारतील, "सर, हे पेपरात आलं. आमच्या आवक नोंदवहीत आलं का?"

आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या संत्र्याची, फळगळ ऑगस्ट-सप्टेंबरात जोर धरते. तेव्हा तुमची फाईल कोटेशनांच्या तुलनात्मक तक्त्यावर असते. एन्झाइमची बाटली येते मे महिन्यात, बर्फाच्या पेटीतून. ती लगेच फ्रीझरमध्ये ठेवायचा अशास्त्रीय उतावीळपणा करू नका. स्टॉक रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय पेटी उघडता येत नाही, आणि भांडारपाल लग्नाला गोंदियाला गेलेत. बाहेर ४५ अंश. कुलर आहे, पण त्याचं तोंड भांडारपालांच्या रिकाम्या खुर्चीकडे. पेटीखालून ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत येतो. तेवढ्यात शिपाई फाईल उचलून वर ठेवतो. पाहिलंत, कशाची काळजी घ्यायची ते त्याला कळतं.

एन्झाइम गेला तर जाऊ द्या. मुदतवाढीचा अर्ज आहेच, तीन प्रतींत.

खरी कसोटी मार्चात. पैसा उशिरा येतो, पण ३१ मार्चला वेळेवर संपतो. उरला तर परत, आणि खात्यावर व्याज साठलं असेल तर तेही परत. केमिकलच्या हेडमधले (खर्चाच्या शीर्षातले) पैसे प्रवासाच्या हेडमध्ये वापरायचा विचारही मनात आणू नका. त्यासाठी परवानगी मागितलीत तर ती प्रकल्प संपल्यावर येईल. उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातच द्या. त्यात पैसा कुठे गेला हे विचारतात; फळ का गळलं हे कुणी विचारत नाही, म्हणून तिकडून निश्चिंत राहा.

आणि हो, जेआरएफची, म्हणजे प्रकल्पातल्या कनिष्ठ संशोधकाची, जाहिरात अजून दिली नसेल तर थांबा. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र खोडा. बी.कॉम., टॅली येणाऱ्यास प्राधान्य.