फूल कोमेजते म्हणूनच ते समोर हवे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

तैलरंगात फुले-फळे रंगवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया इतकी मुद्देसूद आहे की, दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. फुले-फळे फोटोवरून रंगवू नयेत, वस्तू समोर मांडूनच रंगवाव्यात, असा आग्रह मी त्या लेखात धरला होता. आपले म्हणणे असे की, हा आग्रह इतिहासाला धरून नाही. ज्या डच चित्रकारांचे दाखले मी दिले त्यांच्या फुलदाणीत वसंतातले ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब शेजारी दिसतात, त्यांची पानेही निळसर असतात, म्हणजे तो गुच्छ त्यांच्यासमोर नव्हताच, आणि फ्रेंच चित्रकार सेझान तर चक्क कागदी फुले वापरत असे. दुसरे, सकाळच्या लोकलने मुंबईला जाऊन रात्री ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या घरी पोहोचणाऱ्या माणसाला फोटोखेरीज पर्याय नाही, आणि तो त्याला नाकारणे हा रिकामा वेळ असणाऱ्यांचा सोवळेपणा आहे. तिसरे, काळोख्या पार्श्वभूमीवर हापूस ठेवल्याने चित्र आपले होत नाही, हा सगळा प्रकारच उसना आहे.

पहिल्या मुद्द्यातली माहिती बरीचशी बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तो गुच्छ एका वेळी कोणाच्याही टेबलावर नव्हता, हे खरेच. मात्र त्यातले फूल कधी ना कधी चित्रकाराच्या डोळ्यांसमोर होते, आणि ते तसे असावे म्हणून या मंडळींनी केलेला खटाटोप पाहण्यासारखा आहे. अँटवर्पचा फ्लेमिश चित्रकार थोरल्या यान ब्रूगेलने 1606 मध्ये मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला लिहिलेल्या पत्रात, अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुले प्रत्यक्ष पाहून रंगवण्यासाठी आपण ब्रुसेल्सला जाऊन आलो, असे सांगितले आहे. डच फुलचित्रकार यान फान हाउसमने 1742 मध्ये मेक्लेनबुर्गच्या ड्यूकच्या माणसाला कळवले की, गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही, नाहीतर चित्र पुरे झाले असते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे टेराकोटाच्या फुलदाणीचे जे चित्र आहे, त्यावर 1736 आणि 1737 अशी दोन वर्षे नोंदलेली आहेत. आयुष्यभर फुले रंगवलेल्या त्या हाताला एक पिवळा गुलाब आठवणीतून उतरवणे काही जड गेले नसते. तरीही तो ड्यूकसारख्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतो आणि कारण म्हणून गुलाब पुढे करतो. बॉसखार्टसारखे चित्रकार एकच फूल निरनिराळ्या चित्रांत पुन्हा वापरत, हेही मला ठाऊक आहे, पण ते स्वतः केलेल्या अभ्यासचित्रांवरून. अभ्यासचित्रात काय घ्यायचे आणि काय गाळायचे याचे निर्णय फुलासमोर बसून आधीच झालेले असतात. फोटोत यातले काहीच झालेले नसते, आणि चित्रकार मात्र ते झाले आहे असे धरून चालतो.

सेझानच्या कागदी फुलांचेही तसेच. त्याचा वेग असा संथ की खरी फुले त्याला पुरत नसत, आणि सफरचंदेसुद्धा काम संपण्याआधी नासू लागत. पण कागदाचे का होईना, त्याच्यासमोर फूलच होते. त्यावर खोलीतला उजेड पडत होता, त्याची सावली टेबलावर पडत होती, आणि मान जराशी हलवली की त्याची कड मागच्या कापडावर सरकत होती. हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

निळ्या पानांचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण तो आपल्या पॅलेटपर्यंत येऊन पोहोचतो. ती पाने कोणी निळी पाहिली नव्हती आणि निळी रंगवलीही नव्हती. त्या काळी पानांचा हिरवा बहुधा निळ्या थरावर वनस्पतींपासून काढलेल्या पिवळ्या 'लेक'चा, म्हणजे रंगरसापासून बनवलेल्या रंगद्रव्याचा, पातळ पारदर्शक थर देऊन, किंवा दोन्ही एकत्र मिसळून, साधला जाई. हा पिवळा उजेडाने उडून गेला आणि खालचा निळा उरला. व्हॅन गॉगच्या 1890 मधल्या गुलाबांचेही असेच झाले; वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आज जे गुलाब जवळजवळ पांढरे दिसतात ते मुळात गुलाबी होते, कारण त्याने वापरलेला तांबडा लेक टिकाऊ नव्हता. म्हणून मी त्या लेखात अलिझरिन क्रिमसन हा गडद तांबडा रंग घेऊ नका असे लिहिले होते, आणि आपण त्याला 'दुकानदारी सल्ला' म्हटले आहे. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो पाहावा. पी आर 83 असेल तर तो जुना अलिझरिन. जाडसर आणि गडद लावला तर तो बऱ्यापैकी तग धरतो, पण पांढऱ्यात मिसळून गुलाबाच्या पाकळीसाठी पातळ केला की सर्वांत आधी फिका पडतो, आणि गुलाबाला तो नेमका तसाच लागतो. पी व्ही 19, म्हणजे किनॅक्रिडोन हा गुलाबी-तांबडा रंग, त्या मानाने खूपच भरवशाचा आहे. एकदा खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेले चित्र आपल्या हयातीतच फिके पडू नये, एवढीच माझी दुकानदारी.

आता फोटो. केशरी झेंडूचे एक मोठे फूल घ्या, खिडकीच्या बाजूला ठेवा आणि फोनने टिपा. झेंडूचा केशरी इतका तीव्र असतो की फोटोत लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन टेकते. त्यापुढचे चढउतार नोंदलेच जात नाहीत, आणि उजेडाकडच्या सगळ्या पाकळ्या एका सपाट डागात मिसळून जातात. सावलीकडचा भाग फोन आपण होऊन उजळतो, कारण घेणाऱ्याला 'छान' फोटो हवा असतो. आता तेच फूल डोळ्यांनी पाहा. उजेडाकडच्या पाकळ्यांच्या कडांवर खिडकीतल्या आकाशाचा थंड, पांढुरका स्पर्श असतो. पाकळ्यांमधल्या खाचांत रंग काळवंडायला हवा असे आपल्याला वाटते, पण तिथे उजेड एका पाकळीतून गाळून दुसरीवर पडत असल्यामुळे रंग उलट तापतो, जवळजवळ लाल होतो. सावलीकडची बाहेरची गोलाई मात्र मंद आणि मातकट, आणि खाली पांढरे कापड असेल तर तळाशी पुन्हा उजळलेली. त्या खाचांसाठी मी केशरी कॅडमियममध्ये किनॅक्रिडोन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घालते. काळा घालण्याचा मोह टाळावा, कारण पिवळ्यात काळा पडला की सावली न होता शेवाळी हिरवा तयार होतो, आणि झेंडू कुजल्यासारखा दिसतो. फोटोवरून रंगवणारा तोच काळा वापरतो, कारण फोटोत त्या खाचा खरोखरच तपकिरी-काळ्या आलेल्या असतात.

भांड्यांचेही असेच. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. मांडणी फ्रेममध्ये मोठी दिसावी म्हणून आपण जवळ जातो, आणि कडेचा तांब्या बाहेरच्या अंगाला ताणला जाऊन त्याच्या तोंडाचा लंबगोल तिरका होतो. चित्रकार तो इमानेइतबारे तसाच उतरवतो. प्रदर्शनात कललेल्या तांब्यांची रांग दिसली की फोटो कितपत जवळून घेतला असेल याचा अंदाज मला हल्ली येऊ लागला आहे.

पण हे सगळे दोष उद्या चांगल्या कॅमेऱ्याने दूर होतील, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. माझ्या आग्रहाचे मुख्य कारण वेगळे आहे. नासणाऱ्या वस्तू चित्राला क्रम लावून देतात. जास्वंद बहुधा त्याच संध्याकाळी मिटते. सोनचाफा सकाळी फिकट सायीसारखा असला तरी दिवस कलता कलता केशरट होतो आणि त्याच्या कडा करपतात. शेवंती आणि झेंडू पाण्यात काही दिवस राहतात, केळ्यावर ठिपके उमटतात, चिकू सुरकुततो. लिंबू आणि डाळिंब त्याहून दमदार, आणि नारळ व तांब्या यांना कसलीच घाई नसते. त्यामुळे पहिल्या बैठकीत आधी फूल घ्यावेच लागते, तेही पुरे करण्याइतके, आणि त्यासाठी चित्रातली सर्वांत उजळ जागा, सर्वांत तीव्र रंग आणि सर्वांत धारदार कड कुठे येणार हे तेव्हाच ठरवावे लागते. पुढच्या बैठकांत फळे त्या फुलाच्या हिशोबाने बसवायची, आणि तांब्या सर्वांत शेवटी, फुलापुढे तो किती गप्प राहील ते पाहून. फोटोवर काम करणाऱ्याला हा दट्ट्या नसतो. तांब्याची कड आणि जास्वंदीचा केसर त्याला सारख्याच सवडीने उपलब्ध असतात, म्हणून तो दोन्हींना सारखीच मेहनत देतो, आणि चित्रात सगळेच सारखे टोकदार होऊन नजर कुठेच ठरत नाही. व्हॅन गॉगने ऑगस्ट 1888 मध्ये आर्लहून भावाला लिहिले होते की, सूर्यफुले लवकर कोमेजतात म्हणून आपण रोज सूर्योदयापासून कामाला लागतो, कारण ते सगळे एका दमात करावे लागते. त्या फुलांतला जोम आणि ती घाई वेगळ्या काढता येतील असे मला वाटत नाही.

आपल्या दुसऱ्या मुद्द्यातली अडचण खरी आहे आणि मी ती थट्टेवारी नेणार नाही. कलाशाळांत सांगितला जाणारा उत्तरेच्या खिडकीतला, फारसा न बदलणारा उजेड ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये मिळणे कठीणच. समोरच्या टॉवरच्या काचांवरून दुपारी जो उलटा उजेड येतो त्याने तर मांडणीच्या दोन सावल्या पडतात. पण याचा उपाय फोटो हाच आहे असे नाही. सामानाच्या मोठ्या खोक्याची वरची आणि पुढची बाजू कापावी, आतून काळा कागद लावावा, आणि एका बाजूने वरून एकच एलईडी दिवा सोडावा. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, 95 च्या आसपास असला म्हणजे झाले. त्याहून कमी असेल तर तांबडे रंग मेलेले दिसतात. तसाच दिवा कॅनव्हास आणि पॅलेटवरही हवा, नाहीतर रात्री जुळवलेला पिवळा सकाळी भलताच निघतो. या खोक्यात रात्री जेवणानंतरही तोच उजेड असतो जो शनिवारी सकाळी असतो, म्हणजे ऑफिसच्या वेळांशी भांडण उरत नाही. फुले ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली तर एखादा दिवस जास्त मिळतो, पण खाण्याच्या डब्यांजवळ रंगाचा हात लागू देऊ नये. पॅलेटवरचे रंग दुसऱ्या रात्रीपर्यंत ओले राहावेत असे वाटत असेल तर लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब त्यांच्याजवळ पुरतो. ते तेल जवसाच्या तेलाचे वाळणे लांबवते. मात्र हात आखडता ठेवावा, कारण फार झाले तर रंगाचा थर वाळतच नाही.

पावसाळ्यात हे वाळणे तसेही रखडते, याचे कारण तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि दमट, थंडावलेल्या हवेत ही क्रिया मंदावते. कॅनव्हास भिंतीला पाठ चिकटवून ठेवू नये, मागे बुरशी धरते. बाकी थरांचा नियम नेहमीचाच, खाली कमी तेल आणि वर जास्त.

तिसऱ्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. फुलांकडे एकटक पाहून रंगवणे हे आपल्याकडे परके नव्हते. जहांगीरने आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काश्मीरची शंभराहून अधिक फुले चितारली. तैलरंग आणि काळोखी पार्श्वभूमी बाहेरून आली, हे कबूल. पण काळोखाची सक्ती कोणी केलेली नाही. फिका पिवळा उठून दिसण्यासाठी त्याची मदत होते, इतकेच. आणि मांडणी उसनी असेल असे वाटत असेल तर मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्याच घरातला चौरंग पाहावा. कलशावरचा नारळ, पाच प्रकारच्या डहाळ्या, पाच फळे, शेवंतीची वेणी, तांब्याच्या भांड्यावर समईचा पिवळा उजेड : गोल, टोकदार, खरखरीत, झळकणारे असे सगळे पृष्ठभाग एका हातभर जागेत जमलेले असतात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर त्या सकाळी याचे सगळे सामान एकाच फेरीत मिळते. त्यासमोर कॅनव्हास लावला तर डच काय म्हणतील याची चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की, नोकरी करणाऱ्या नवख्याने सुरुवात कशाने करावी. दोन लिंबे, त्यांतले एक कापलेले, आणि एक झेंडू. दहा बाय बारा इंचांचा बोर्ड, पाचच रंग. कापलेले लिंबू आधी घ्या, कारण त्याची ओली चमक तासाभरात जाते, मग झेंडू, आणि अख्खे लिंबू दुसऱ्या रात्रीवर टाकले तरी चालेल. सोनचाफा मात्र पहिल्या खेपेला घेऊ नका. त्याच्या पाकळीचा पिवळा पॅलेटवर जुळेपर्यंत तो फुलावर राहिलेला नसतो.