वीस बाइटांचा बॅकअप

"बॅकअप आहे ना?" या प्रश्नाला आम्हा डेटाबेसवाल्यांकडे तयार उत्तर असतं: "रोज रात्री दोनला होतो." पुढचा प्रश्न, "रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, बघितलाय का?", तेवढा विचारू नये. स्थळाला पगार विचारल्यासारखे चेहरे होतात.

आता "होतो" म्हणजे काय, तर फाइल तयार होते. पोस्टग्रेस डेटाबेस उतरवून देणाऱ्या पीजी-डम्पचं आउटपुट फाइल आवळणाऱ्या जीझिपच्या हाती थेट सोपवलं (म्हणजे पाइप केलं), की कमांडी चालवणारा शेल फक्त शेवटच्याला विचारतो, "जमलं का?" डम्प बिचारा पासवर्डापाशीच आडवा झालेला असतो, पण जीझिपने हाती आलेलं शून्य व्यवस्थित आवळलेलं असतं. तो छातीठोकपणे सांगतो, "हो!" रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल भरते २० बाइट. नाव, तारीख, हिरवी टिक, सगळं यथासांग. स्क्रिप्टच्या माथ्यावर 'सेट -ओ पाइपफेल' लिहिलं की ओळीतला कोणीही आडवा झाला तरी शेल 'नाही' म्हणतो, आणि हे नाटक थांबतं. फाइलचा आकार एकदम घसरला तर बोंब मारणारी एक ओळही हवीच.

ठरल्या वेळी कमांडी चालवणाऱ्या क्रॉनची तऱ्हा वेगळी. फाइलच्या नावात तारीख घालायला % लिहिला, की क्रॉन त्याला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथेच तोडतो. हाताने चालवा, पळते. रात्री दोनला मात्र नाही. % च्या आधी बॅकस्लॅश द्यायचा.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या मायएसक्यूएलडम्पला 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' सांगितलं तर इनोडीबी (तिथला नेहमीचा प्रकार) टेबलं एकाच क्षणाची मिळतात. ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) न मागताच येतात. प्रोसीजर (डेटाबेसातच साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारा कोड) मात्र मागून घ्यावे लागतात. का, ते देव जाणे. जुन्या आवृत्तीत 'यूटीएफ८एमबी४' हे अक्षरांचं एन्कोडिंग सांगायचं राहिलं, तर तीन बाइटांची देवनागरी सुखरूप येते आणि चार बाइटांचे इमोजी प्रश्नचिन्ह होतात. ग्राहकाचं प्रेम आणि संताप, दोन्ही '?'.

"पण रेप्लिका आहे की!" आहे ना, मूळ सर्व्हरची सतत नक्कल करणारी प्रत. 'व्हेअर' (कुठल्या ओळी पुसायच्या ती अट) विसरलेला डिलीट ती तितक्याच तत्परतेने स्वतःवरही चालवते. चार वाजून बारा मिनिटांनी घोळ झाला, तर चार-अकराला परत जायला बेस बॅकअप (अख्ख्या सर्व्हरची प्रत) आणि तिथवरच्या साऱ्या वॉल फाइली (बदलांची नोंदवही) लागतात.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. पीजी-डम्प ९.२ आवृत्तीचा, सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे डम्प होतच नव्हते. तसं कळवणाऱ्या ईमेलही डीमार्क या ईमेल-पडताळणीपायी नाकारल्या जात होत्या! वाचवलं ते चाचणीसाठी हाताने घेतलेल्या, सहा तास जुन्या स्नॅपशॉटने (डिस्कची त्या क्षणाची प्रत). त्यांनी हे सगळं जाहीर लिहिलं, याबद्दल मला आदरच आहे.

रिस्टोअरची तालीम वेगळ्या मशीनवर करावी. डम्प वाचून डेटाबेसात भरणारा पीएसक्यूएल चुका छापत पुढे जातच राहतो, म्हणून 'ऑन_एरर_स्टॉप' लावायचं. पीजी-डम्पमध्ये रोल, म्हणजे डेटाबेसचे वापरकर्ते, नसतात. ते पीजी-डम्पॉलने आधी आणायचे. शेवटी ॲनालाइझ, म्हणजे टेबलांची आकडेवारी गोळा करणं. ते राहिलं तर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरकडे आकडेवारी नसते, इंडेक्स समोर असून तो अख्खं टेबल चाळत बसतो, आणि फोन येतो: "डेटा आला हो, पण साइट बंद होती तेच बरं होतं."