पॅडल शिफ्टरने गिअरबॉक्स जातो म्हणे!

ऑटोमॅटिक फोर बाय फोरमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत) स्टिअरिंगमागचे पॅडल, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या पट्ट्या, वापरले की गिअरबॉक्सची वाट लागते असा मेसेज फिरतोय, तसं काही नाहीये. पॅडल म्हणजे नुसता स्विच, गिअर पडू द्यायचा की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो, डावं मायनस (गिअर खाली आणणारं पॅडल) दाबल्यावर आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, रेडलाइनच्या (इंजिनच्या कमाल मर्यादेच्या) वर जाणार असेल तर तो सरळ ऐकतच नाही. उलट लांब उतारावर खालचा गिअर ठेवला तर इंजिनच गाडी धरतं, ब्रेक तापत नाहीत. फक्त बऱ्याच गाड्यांत डी मध्ये (गाडी स्वतः गिअर बदलते त्या मोडमध्ये) असताना पॅडल दाबलं तर थोड्या वेळाने गाडी परत स्वतःच गिअर बदलायला लागते, म्हणून उतारावर आधी मॅन्युअल मोड लावा. आणि निसरड्यावर एकदम दोन गिअर खाली आणू नका, चाकं घसरतात, मग फोर बाय फोर असो नाहीतर काही.