बेरिंग गेलंय

आमच्या परसातला अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप महिनाभर खडी दळत होता. आडातलं पाणी उपसून शेवगा, दोन नारळ आणि हौसेचा हळदीचा वाफा भिजवायचा, एवढंच त्याचं काम. पण बटण दाबलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

सांगलीत मोटारीचं निदान रस्त्यावरूनच होतं. पेपरवाला म्हणाला, "आडातल्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह हवा घेतोय." दूधवाला म्हणाला, "पाणी फेकणाऱ्या चक्रात, इंपेलरात, खडा हाय." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बंद करा." हा सरळ उपचारच.

फिटर नऊ दिवस 'उद्या' येत होता. शेवटी मीच फ्यूज काढून मागचा पंखा हातानं फिरवला. पाण्याचा संबंध नसताना करकर! म्हणजे बेरिंगच.

खोलल्यावर खरा चोर सापडला. इंपेलरमागचं वॉटर सील झिजलं होतं आणि तिथून थेंब थेंब पाणी शाफ्टवरून पुढच्या बेरिंगात उतरत होतं. चोरी सीलची, बोंब बेरिंगची. नुसतं बेरिंग बदललं असतं तर पावसाळ्याआधी पुन्हा दळण सुरू. बाजारात जाऊन जन्मजात फिटरच्या थाटात "6202 नंबरची बेरिंगं दोन द्या, आणि सील" म्हणालो. दुकानदारानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, पण दिली.

जुनं बेरिंग गॅरेजवाल्याच्या पुलरनं निघालं. नवं चढेना. शाफ्ट 15 एमएम, बेरिंगचं भोकही 15 एमएम; दोघंही तोलामोलाचे, मग माघार कोण घेणार? बेरिंग जरा तापवलं की फुगतं, हे ऐकून होतो.

"अहो, भाकरीच्या तव्यावर?"

त्यावर झालेला संवाद इथं देत नाही. बेरिंग बसलं. पाइपाचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून हलके ठोके दिले. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर आतल्या गोळ्यांच्या खोबणीत पोचे पडतात आणि नवं बेरिंगही पहिल्या दिवसापासून रडतं.

पाणी भरलं, बटण दाबलं. आवाजच नाही! चालू आहे का, हे हात लावून बघावं लागलं. त्या आनंदात आत येऊन भडंगाची वाटी घेऊन बसलो. पूर्वी मोटार बंद करायची आठवण मोटारच द्यायची, हे काही त्या वेळी सुचलं नाही.

दोन तासांनी कंपाउंडवरून शेजारचा पोरगा ओरडला, "काका, कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे? आमच्या जिन्याखाली आलंय!"