मोर्सच्या बायकोचं पत्र आणि 'जगातली पहिली तार'

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. सॅम्युअल मोर्स नावाचा चित्रकार, बायको गेल्याचं पत्र उशिरा मिळालं, घरी पोचला तोवर तिला पुरलेलं, मग त्याने शपथ घेतली, एकट्याने टेलिग्राफ शोधला, 24 मे 1844 ला जगातला पहिला मेसेज पाठवला, आणि भारतात हे सगळं फार नंतर आलं. खाली रडणारे इमोजी. आमच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बायकोचं खरंय. फेब्रुवारी 1825, मोर्स वॉशिंग्टनला लाफाएत या फ्रेंच सेनानीचं पोर्ट्रेट करत होता आणि घरी न्यू हेवनला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पण शपथ कुठून आली बुवा? पुढची सात वर्षं हा माणूस चित्रंच काढत होता, त्यातली जवळपास तीन युरोपात. तारेची कल्पना सुचली ऑक्टोबर 1832 मध्ये, परतीच्या जहाजावर, एका सहप्रवाशाशी विद्युतचुंबकावर गप्पा मारताना. दुःख खरं, शोध खरा, मधला पूल फॉरवर्डवाल्याने बांधलाय.

'एकट्याने' तर सोडाच. मोर्सचा सिग्नल आधी लांब जाईचना. तो न्यूयॉर्कला ज्या युनिव्हर्सिटीत शिकवायचा तिथल्याच केमिस्ट्रीच्या लिओनार्ड गेलने जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाचा पेपर वाचला होता, त्याने सांगितलं की बॅटऱ्या वाढव आणि चुंबकावर तारेचे वेढे वाढव, मग कुठे गाडी मैलांवर गेली. हेन्रीने स्वतः 1831 च्या सुमारास मैलभर तारेतून घंटा वाजवून दाखवली होती. मशीन नीट घडवलं आल्फ्रेड व्हेलने, बापाच्या लोखंडाच्या कारखान्यात.

आता 'पहिला मेसेज'. मोर्सचा स्वतःचाही तो पहिला नव्हता! जानेवारी 1838 मध्ये त्याच कारखान्यात त्यांनी मेसेज पाठवून दाखवला होता, आणि 1 मे 1844 ला, वॉशिंग्टन ते बाल्टिमोर लाइन अजून अर्धवट असताना, हेन्री क्ले यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची बातमी ट्रेनच्या आधी वॉशिंग्टनला पोचली होती. बाहेर बघाल तर गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी 1833 मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनच्या छपरांवरून तार नेली होती. लंडनमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांचं पेटंट 1837 चं, आणि 1839 पासून पॅडिंग्टन ते वेस्ट ड्रेटन तेरा मैलांवर रेल्वे त्यांची तार वापरत होती. लाइन पुढे स्लाउपर्यंत गेली आणि 1845 च्या पहिल्याच दिवशी तिथून ट्रेनने पळालेला एक खुनी तारेमुळे सापडला. तो क्वेकर पंथीयांसारखे कपडे घालून होता, पण त्या मशीनवर क्वेकरच्या स्पेलिंगमधलं क्यू अक्षरच नव्हतं, म्हणून ऑपरेटरने 'केडब्ल्यू' लावून स्पेलिंग पाठवलं, आणि पलीकडच्याला ते आधी कळेचना. मला हा किस्सा त्या रडक्या फॉरवर्डपेक्षा शंभरपट आवडतो.

राहिला भारत. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर विल्यम ओशॉघ्नेसी 1839 मध्येच तिथे बांबूंवर तार टांगून प्रयोग करत होते, म्हणजे मोर्सच्या वॉशिंग्टनहून पाठवलेल्या त्या 1844 च्या मेसेजच्या पाच वर्षं आधी. सरकारला जाग यायला बराच वेळ लागला हे मान्य, कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन 1851 ची आणि आग्र्यावरून मुंबईला जोडणारी लाइन लोकांना खुली झाली 1855 मध्ये. आणि सुरुवातीला त्या लाइनवर ओशॉघ्नेसींनी स्वतः बनवलेलं, सुई डावी-उजवी हलणारं उपकरण होतं. मोर्सचं कट्ट कडकट्ट आपल्याकडे त्यानंतर आलं.