ओलावा साठ टक्के

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत पहाटे रस्त्याने पळणाऱ्या माणसाची तीनच कारणे संभवतात: त्याचा बैल सुटला असेल, त्याची एस. टी. सुटत असेल किंवा तो पोलीस भरतीची तयारी करीत असेल. पंचेचाळिशी ओलांडलेला, ८६ किलो वजनाचा, कानाला दुपट्टा बांधलेला अडत दुकानाचा दिवाणजी यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. त्यामुळे दसरा झाल्यावर मी दारव्ह्याच्या रस्त्याने, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांच्या कडेकडेने पळू लागलो, तेव्हा समोरून येणारा प्रत्येक इसम आपली मोटारसायकल किंवा बैलबंडी उभी करून, "काहून पळून राहिले जी दिवाणजी? कोनी गेलं का?" अशी विचारपूस करीत असे. श्वास पुरत नसल्यामुळे मला उत्तर देता येत नसे आणि मी नुसता हात हलवीत पुढे जात असे. त्या हात हलवण्याचा अर्थ एका सद्गृहस्थांनी "गेलं" असा घेतला आणि ते सरळ माझ्या घरी सांत्वनाला जाऊन बसले. माझ्या म्हातारीने त्यांना चहा पाजला आणि "कोन गेलं बाप्पा?" हे उलट तिनेच त्यांना विचारले.

पळण्याचा सल्ला तालुक्याच्या डॉक्टरांचा होता. साखर काठावर आली आहे, वजन उतरवा, एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, आणि हळूहळू पळणे वाढवीत न्या, असे त्यांनी खुर्चीवर बसून सांगितले. रस्त्यावर माझे सोबती म्हणजे भरतीची पोरे. त्यांना १६०० मीटरची परीक्षा द्यायची असते आणि ते अंतर पाच मिनिटांच्या आसपास आणण्यासाठी ती जिवाचे रान करतात. त्याच अंतराला मला जो वेळ लागे, त्यात ती पोरे पळून, हातपाय ताणून, गोळाफेकीचा सराव करून शिवाय माझ्यावर चर्चा करण्यास मोकळी होत.

आता वजनाचा प्रश्न. वजन हा माझ्या पोटापाण्याचा विषय असल्यामुळे न्हाणीघरात ठेवायच्या नाजूक काट्यावर माझा विश्वास नाही. बाजार समितीच्या यार्डातला, सोयाबीनची पोती मोजायचा, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा मी निवडला. त्या काट्याशी कोणालाही हुज्जत घालता येत नाही, हे मीच वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो आहे. पळायला सुरुवात करण्यापूर्वी त्यावर ८६ किलो भरले. काही आठवडे इमानेइतबारे घाम गाळून, आलूबोंडा वर्ज्य करून, सकाळच्या तर्री-पोह्यांकडे पाठ फिरवून मी पुन्हा काट्यावर चढलो, तर आकडा निघाला ८७ किलो ४०० ग्रॅम. हमाल मंडळी भोवती जमलीच होती. त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा पुढे झाला, त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, "दिवाणजी, तुमी उलटे त पळून नाही राहिले ना?"

त्यानंतर गावात या वाढीची जी कारणमीमांसा झाली, तिचा तपशील द्यायचा तर एक अंक काढावा लागेल. म्हाताऱ्या माणसांच्या मते पहाटेची हवा पोटात जाऊन बसते. न्हाव्याच्या मते दोष बुटांचा होता, कारण ते उतरवून मोजायला हवे होते; बूट मी उतरवले होते, पण तेवढ्याने त्याचे मत बदलले नाही. भरतीच्या पोरांनी मात्र मोठ्या मायेने माझी समजूत घातली, "काका, टेन्शन नका घेऊ, मसल बनून राहिले." हे ऐकायला फार गोड वाटते आणि मी ते दोन दिवस सर्वांना ऐकवलेही, परंतु म्हशीच्या चालीने तीन किलोमीटर जाणाऱ्या माणसाच्या अंगावर काही आठवड्यांत किलो-दीड किलो स्नायू चढत नाहीत. तसे असते तर आमच्याकडचे सगळे पोस्टमन पहिलवान झाले असते.

खरे कारण डॉक्टरांनी सांगितले आणि ते ऐकून मला आश्चर्यापेक्षा शरम अधिक वाटली, कारण आमच्या धंद्यातले शेंबडे पोरही ते ओळखते. ते कारण म्हणजे पाणी. सवय नसलेले पाय पळायला लागले की स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, ती भरून काढायला शरीर तिथे पाणी आणून ठेवते, आणि म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतो. शिवाय पळण्यासाठी लागणारी साखर स्नायू आपल्याजवळ ग्लायकोजेनच्या रूपात साठवू लागतात, सराव वाढेल तशी ही साठवण वाढते, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भरीस भर म्हणून सरावाच्या सुरुवातीलाच रक्तातला पातळ भागही वाढतो. या सगळ्यांची बेरीज किलो-दीड किलोपर्यंत सहज जाते, आणि आत चरबीचा एखादा कण जळत असला तरी काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणजे माझा माल ओला होता. सोयाबीनची गाडी यार्डात आली की व्यापारी सर्वांत आधी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो, आणि यंत्राने १२ टक्क्यांच्या वर आकडा दाखवला की त्याचा चेहरा असा होतो, जणू कोणी त्याच्या पदराला हात घातला आहे. काट्यावरचे वजन खरे असले तरी त्यातले पाणी विकत घ्यायला कोणी तयार नसते. त्या हिशेबाने पाहिले तर प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असते, म्हणजे मनुष्यप्राणी हा कोणत्याही बाजार समितीत हमीभावाने घेण्याच्या लायकीचा नाही. त्याला गेटावरूनच वाळवायला परत पाठवतील. सोयाबीनचे दु:ख निदान सरकारपर्यंत पोहोचले आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के करण्यात आली. माझ्यासारख्यांच्या बाबतीत अशी कोणतीही शिथिलता अद्याप जाहीर झालेली नाही.

आमच्या शेटजींना हे सारे समजावून सांगितले तेव्हा त्यांच्यातला व्यापारी तत्काळ जागा झाला. पळून आल्याबरोबर, घाम निथळत असतानाच काटा करा, असा सल्ला त्यांनी दिला. ऑक्टोबरच्या उन्हात तो मी अमलात आणला आणि खरोखरच पाऊण किलोची घट निघाली. शेटजी खूश झाले. दोन तांबे पाणी, एक चहा आणि दुपारचे वरण-भात पोटात गेल्यावर सगळी घट परत आली आणि वर ठेच्यातल्या मिठाने आणखी थोडे पाणी अडवून ठेवले. शेटजींचे म्हणणे असे पडले की घट निघाली त्याच क्षणी पावती फाडायला हवी होती.

पाण्याचा पडदा बाजूला सारून चरबीचा हिशेब मांडावा, तर तो अधिकच निराशाजनक निघाला. पळताना शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्ची पडते. म्हणजे तीन किलोमीटरला मी अडीचशेच्या आसपास खर्च करतो, आणि एक आलूबोंडा व दोन गोड चहा तो खर्च जवळजवळ भरून देतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. भागाकार करून पाहिला, तर निव्वळ पळण्याच्या जोरावर एक किलो उतरवण्यासाठी मला जवळपास ९० किलोमीटर, म्हणजे यवतमाळहून थेट अमरावतीपर्यंत पळत जावे लागेल, आणि तिथे पोहोचल्यावर समोर गिला वडा दिसला तर त्याच्याकडे न पाहता उभे राहावे लागेल. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, असे माझे प्रांजळ मत आहे.

त्यातच दिवाळी आली. पळण्याने जी भूक लागते ती साध्या भुकेहून निराळी असते. तिच्या पाठीशी नैतिक अधिष्ठान असते. पूर्वी मी तिसरा अनारसा घेताना इकडेतिकडे पाहत असे, आता "सकाळी पळालो आहे" एवढे मनाशी म्हटले की चौथाही न्याय्य वाटे. घरच्या मंडळींनी माझ्या नकळत आणखी एक बाब टिपली होती. मी पूर्वी यार्डात पायी जात असे. पाय दुखतात म्हणून आता मोटारसायकल काढत होतो. शेजारच्या दुकानातून सुपारी आणायलाही पोराला पाठवत होतो आणि दुपारी गादीवर पूर्वीपेक्षा तासभर अधिक लोळत होतो. "सकाळी अर्धा घंटा पळता अन् दिवसभर त्याची वसुली करता," हे आमच्या मंडळींचे निदान कोणत्याही डॉक्टरांच्या निदानापेक्षा अचूक होते आणि म्हणूनच मला ते आवडले नाही.

डॉक्टरांनी मग काट्यावर रोज चढण्यास मनाई केली. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्याबरोबर, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी वजन पाहावे आणि त्याच्या जोडीला कंबर फितीने मोजावी, असे त्यांनी बजावले. अशा अवस्थेत यार्डाच्या काट्यापर्यंत जाणे शिष्टसंमत नसल्यामुळे शेवटी घरात एक नाजूक काटा आलाच. थंडी पडली, तुरीला शेंगा भरल्या, पळण्यातले चालणे कमी कमी होत गेले, यार्डात पायी जाणे पुन्हा सुरू झाले, आणि पायांचा ठणका गेला तसा त्यांच्यातला पाण्याचा साठाही ओसरला असावा. कारण एका सोमवारी काट्याने कोणतीही पूर्वसूचना न देता ८५ दाखवले आणि संक्रांतीच्या सुमारास तो ८३ वर येऊन टेकला. कंबर त्याच्या कितीतरी आधीपासून उतरत होती. वजन वाढत असल्याबद्दल मी गावभर तोंड लपवीत होतो, त्याच काळात पँट मात्र पट्ट्याच्या आधाराने अंगावर राहू लागली होती.

गावाने या यशाची दखल आपल्या पद्धतीने घेतली. वजन वाढले तेव्हा जे हसले होते, तेच आता हळू आवाजात "तब्येत बरी हाय ना जी?" असे विचारू लागले. म्हातारीने तर दृष्ट काढली आणि रात्रीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा वाढवला. हमालांनी मला पुन्हा यार्डाच्या काट्यावर उभे केले, आकडा वाचला आणि माल वाळला, पण दाणा बारीक पडला, असा शेरा दिला.

पँट घेऊन मी शिंप्याकडे गेलो आणि कंबर दोन इंच कमी करायला सांगितले. त्याने फीत लावली, माझ्याकडे पाहिले, भिंतीवरच्या कालनिर्णयाची दोन-चार पाने उलटून लग्नाच्या तिथी पाहिल्या आणि म्हणाला, "कापड कापत नाही दिवाणजी, आतून नुसती शिलाई मारून देतो. लग्नसराई निघून जाऊ द्या, मंग पाहू." मी पुष्कळ आग्रह केला, पण त्याने ऐकले नाही, उलट उसवायला सोपी जावी म्हणून ती शिलाई त्याने चांगली लांब लांब टाक्यांची घातली.